दसरूभाऊची गाडी

गाडी आमच्या अंगणात आली त्या दिवशी गाडीच्या आधी तिचा वास आला. माय ओसरीवर बसून तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, नाक वर केलं आणि विचारलं, "आज कोनाच्या घरी मासे शिजून रायले वो?" मी बाहेर डोकावले तर बाबा घामाघूम होऊन एक काळी मोटारसायकल हातानं ढकलत आणत होते आणि मागून दसरूभाऊ सीटवर हात ठेवून चालत होते. दसरूभाऊ म्हणजे आमच्या आसगावचे ढिवर. तलावातले मासे गाडीवर लादून पवनीच्या वाटेवरच्या गावोगावी विकायचे. त्यांचे गुडघे गेले, फेरी बंद झाली, आणि गाडी आमची झाली. गाडी अंगणात उभी राहिली तशी आमची मांजर कधी नव्हे ती झोपेतून उठली आणि गाडीभोवती फिरून मागच्या चाकापाशी बसली. ती त्यानंतर बरेच दिवस तिथून हलली नाही.

दसरूभाऊंनी बाबांना गाडीचा स्वभाव समजावून सांगितला. "थंडीत चोक द्याचा जी मास्तर, गरमीत नुसता पाय. लय जोरानं किक नोका मारू, उलटी मारते. आन् बिरेक मागचाच लावा, पुढचा नुसता दाखवाले हाय." बाबा वर्गात निरीक्षक आल्यासारखे सावधान उभे राहून मान डोलावत होते. त्यांना यातलं अक्षर कळलं नव्हतं, कारण त्यांना मोटारसायकल चालवताच येत नव्हती. ही गोष्ट त्यांनी दसरूभाऊंना सांगितली नव्हती, मायलाही नाही. दसरूभाऊ गेल्यावर माय म्हणाली, "चला, मले एक चक्कर मारून आना." तेव्हा बाबांनी धोतराच्या सोग्यानं सीट पुसायला घेतली आणि सांगितलं की पेट्रोल महाग आहे.

गाडी माझ्यासाठी घेतली होती. मी पवनीला आत्याकडे राहून सायन्सची बारावी दिली होती. आत्याच्या नवऱ्याची बदली झाली, ते घर सुटलं, आणि मला पुढे बी.एस्सी. करायची होती. एस.टी. आमच्या गावाहून निघायची ती कॉलेजचा पहिला तास संपल्यावर पोचायची, आणि परतीची शेवटची गाडी प्रॅक्टिकल सुरू असतानाच निघून जायची. गावात राहून बाहेरून बी.ए. करता आलं असतं, आणि गावातल्या शहाण्या माणसांचं तेच म्हणणं होतं. बाबांची शाळा पवनीच्या अलीकडच्या खेड्यात होती. स्वतःची गाडी असती तर मला कॉलेजला सोडून ते परत शाळेत येऊ शकले असते. मला रसायनशास्त्र शिकायचं होतं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, आजही सोपं नाही. बारावीला मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातला की जो निळा रंग उमटायचा त्याच्यापायी मी वेडी झाले होते, एवढं खरं.

उन्हाळा होता. गावाबाहेरची बोडी, म्हणजे शेतांना पाणी देणारा आमचा छोटा तलाव, कोरडी ठाक पडली होती. बाबांनी शिकायला तीच जागा निवडली. चारी बाजूंनी उंच पाळ, आत कुणाला दिसायचं नाही, आणि पडलं तरी मऊ गाळाची माती. बोडीच्या मधोमध एक बाभूळ होती. बाबा तिच्याभोवती गोल गोल फिरू लागले. पहिल्या दिवशी त्यांना थांबता येईना. माय पाळीवर उभी राहून ओरडत होती, "पेट्रोल संपलं का थांबा जी, मी इथंच हाव!" चार-आठ दिवसांनी बाबा थांबायला शिकले आणि मी मागे बसायला. मग एका संध्याकाळी बाबा पाणी प्यायला पाळीवर गेले आणि मी गाडीवर बसले. परत आले तेव्हा मी बाभळीला चौथी फेरी घालत होते. बाबा मायकडे बघून एवढंच म्हणाले, "हिले कोनं शिकवलं?" माय म्हणाली, "तुमीच. तुमी जे जे चुकले ते ते तिनं नाई केलं."

पण चूक आम्हा दोघांचीही एकच झाली होती, आणि ती रस्त्यावर आल्यावर कळली. बाबा लहानपणापासून विहारात उजव्या अंगानं फेरी घालत आलेले. त्याच सवयीनं त्यांनी बाभूळही उजव्या हाताला ठेवली होती, आणि त्यांचं बघून मीही. त्यामुळे आम्हाला फक्त उजवीकडे वळता यायचं. मोठ्या रस्त्याला लागताना पवनीसाठी डावीकडे वळावं लागतं. पहिल्या दिवशी बाबांनी हँडल डावीकडे करायचा खूप प्रयत्न केला, पण गाडी सरळ रस्ता ओलांडून पानठेल्यासमोर जाऊन थांबली. पानठेलेवाल्यानं न विचारता तंबाखू-सुपारीचा एक खर्रा घोटायला घेतला. पुढचे काही दिवस बाबा त्या वळणावर खाली उतरायचे, गाडी हातानं डावीकडे वळवायचे आणि परत बसायचे. शेवटी मायनंच आम्हाला पुन्हा बोडीत नेलं आणि पाळीवरून हुकूम सोडला, "आता डाव्या अंगानं फिरा जी! बुद्ध काई रागावत नाई!" लायसन कुणाकडे होतं ते कृपा करून विचारू नका.

कॉलेज सुरू झालं आणि गाडीची खरी ओळख व्हायला लागली. वास जावा म्हणून बाबांनी तिला चिंचेच्या कोळानं घासलं, राखेनं घासलं, लिंबाचा पाला बांधला, मागचे टोपल्या ठेवायचे लोखंडी दांडे काढून टाकले. दसरूभाऊंचा रबरी भोंगाही काढला. वास बराचसा गेला. आवाज गेला नाही. इतर गाड्या सरळ एका सुरात चालतात. आमची चालता चालता मध्येच खोकायची, क्षणभर थांबल्यासारखी व्हायची आणि मग जणू काही झालंच नाही अशी पुढे निघायची. पवनीच्या मेकॅनिकनं सगळी खोलून पाहिली आणि सांगितलं, "गुरुजी, हे बिमारी नाई, हे तिची बोलायची पद्धत हाय." तो आवाज वाटेवरच्या साऱ्या गावांना पाठ होता.

पहिल्याच गावात बाया हातात ताट, भगोणे घेऊन रस्त्यावर उभ्या असायच्या. बाबा पांढऱ्या कडक इस्त्रीत, मी मागे पुस्तकं छातीशी धरून, आणि समोर ताटं. "काय जी, मरळ हाय का आज?" बाबा सांगायचे, "बाई, मी शिक्षक आहे." त्यातली सकूबाई नावाची एक बाई मोठी तोंडाळ होती. ती म्हणायची, "शिक्षक हाव तं काय झालं? मासे इकाले लाज कायले?" दुसऱ्या दिवशी बाबांनी समजावून सांगितलं की ही गाडी आता दसरूची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी गाडी खोकली आणि पुन्हा ताटं बाहेर आली. कान ऐकतो तेव्हा माणूस विचार करत बसत नाही. मला या सगळ्याची मजा वाटायची, मायला तर त्याहून. रात्रीच्या जेवणात लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात वाढता वाढता ती रोज विचारायची, "आज किती गिऱ्हाईक भेटले जी?" आणि पदर तोंडाला लावून हसायची.

बाबांना मात्र हसू येत नव्हतं. हे मी आज नीट समजू शकते. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारे ते पहिले. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जन्मभर धान रोवलं होतं. शाळेची वेळ, इस्त्रीचे कपडे, 'गुरुजी' ही हाक, हे सगळं त्यांनी मोठ्या कष्टानं मिळवलेलं होतं आणि बाबा ते जिवापाड जपायचे. एक दिवस ते वर्गात शिरले तर फळ्यावर कुणीतरी खडूनं मोठा थोरला मासा काढून ठेवला होता, चष्मा लावलेला. त्या संध्याकाळी घरी येऊन बाबांनी पाय धुतले, चहाचा घोट घेतला आणि शांतपणे सांगितलं, "लाखनीचा एक गिऱ्हाईक हाय. रविवारी येते. गाडी इकून टाकतो."

"आन् सुजी?" मायनं विचारलं.

"बाहेरून बी.ए. करंल. का वाईट हाय बी.ए.?"

मी रडले. लपून नाही, तिथंच ओसरीवर, मोठ्यानं. बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि उगीचच विहिरीतून पाणी काढत राहिले. रहाट करकरत होता आणि मी रडत होते, आणि माय दोघांच्या मध्ये लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "रविवार याचा हाय आजून."

शनिवारी माझी पहिली प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती बुडाली असती तर बाबांच्या म्हणण्याला जोर आला असता, की बघा, नाही जमत. रात्रभर पाऊस लागून होता, सकाळी उघडला. बाबा कपडे करून गाडीपाशी गेले, आणि मनात राग होता म्हणून असेल, दसरूभाऊंनी सांगितलेलं विसरून त्यांनी दणकून किक मारली. गाडीनं ती परत केली. किकचा दांडा नडगीवर बसला आणि बाबा अंगणातल्या चिखलात बसले. हाड मोडलं नव्हतं, पण पाय बघता बघता सुजला. मायनं हळद गरम करून लेप घातला. एस.टी.ची वेळ तशीही माझ्या कामाची नव्हती. मी दारात पुस्तकं धरून उभी होते. मग मायनं हळदीचे हात पदराला पुसले, बाबांच्या खिशातून चाबी काढली आणि माझ्या हातात दिली.

"एकटी?" बाबा खाटेवरून म्हणाले. "चिखल हाय. नाई."

"तिले दोनी बाजूनं वळता येते," माय म्हणाली. "तुमी पाय हलवू नोका."

मी हलकीच किक मारली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. बाबांनी मान वळवली, पण 'नाही' पुन्हा म्हटलं नाही.

त्या दिवसापर्यंत मी गाडी एकटीनं रस्त्यावर कधी नेली नव्हती. पानठेल्याजवळ डावं वळण घेतलं तेव्हा पानठेलेवाल्यानं हातातला खर्रा खाली ठेवला. दोन्ही बाजूंना भाताची रोवणी चाललेली, पाणी भरलेल्या बांध्यांमध्ये आभाळ दिसत होतं. माझी ओढणी मी कमरेला घट्ट बांधली होती, पुस्तकांची पिशवी गळ्यात. परीक्षेची धास्ती होती, गाडी उद्या जाणार याचं दुःख होतं, आणि तरीही मी मोठ्यानं गात होते. इतकी खुशी मला त्याआधी कधी झाली नव्हती. गाडी खोकायची तेव्हा मीही गाणं तोडायचे आणि तिच्याबरोबर पुन्हा उचलायचे.

सकूबाईच्या गावाच्या अलीकडे ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरावरून गेला होता आणि त्यानं चिखलाचा जाड थर रस्त्यावर अंथरला होता. मी तो पाहिला आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला. दसरूभाऊंनी तो फक्त दाखवायला आहे म्हणून सांगितलं होतं, पण नेमका त्या दिवशी तो लागला. गाडी आडवी झाली, मी आडवी झाले, आणि आम्ही दोघी रस्त्याच्या उतारावरून घसरत ताज्या रोवलेल्या बांधीत जाऊन पडलो. मला लागलं नाही. पिशवी मी वर धरली होती. गाडी पाण्यात पडल्या पडल्या दोनदा खोकली आणि गप्प झाली. उचलायचा प्रयत्न केला तर माझेच पाय पोटऱ्यांपर्यंत आत गेले. त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आता परीक्षा गेली, गाडी गेली, बी.एस्सी. गेली, असं म्हणून मी चिखलात उभी राहून पुन्हा एकदा रडायच्या तयारीला लागले.

तेवढ्यात दूरच्या बांधीतून ओळीनं वाकलेल्या बाया एकदम उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडलं, "दसरूची गाडी व्हय वो! खोकली अन् थांबली!" आणि साऱ्या जणी लुगड्यांचे काचे मारलेल्या, हातात पऱ्ह्याच्या, धानाच्या कोवळ्या रोपांच्या पेंढ्या, पार कोपरापर्यंत चिखल, दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून पळत आल्या. एकीच्या हातात जेवणाच्या डब्याचं झाकण होतं, मासे घ्यायला. पुढे सकूबाई.

"मास्तर कोठी गेले?" तिनं विचारलं.

"पाय सुजला. मीच आनली गाडी. मासे नाईत जी, माझी परीक्षा हाय." आणि मी जे रडणं थांबवून धरलं होतं ते आलं.

"आगे माय, रडते कायले? मासे नाई तं नाई." सकूबाईनं झाकणवालीकडे पाहिलं. "ठेव वो ते. धर इकडून."

चिखलातून वस्तू कशी काढायची हे त्या बायांना कुणी सांगावं लागत नव्हतं. चौघींनी चाकांना हात घातला, दोघींनी हँडलला, आणि रोवणीचं जे गाणं अर्धवट सोडून आल्या होत्या त्याच्याच ठेक्यावर गाडी उचलून डांबरावर ठेवली. एकीनं पदरानं प्लगजवळचं पाणी पुसलं. मी किक मारत राहिले, गाडी गप्प. मग मला बसवून त्यांनी मागून ढकलायला सुरुवात केली. सगळ्या हसत होत्या, पळत होत्या, कुणाचा तरी हात माझ्या पाठीवर होता. मी गिअर टाकला, गाडीनं एक गचका दिला, खोकली आणि चालू झाली. मागून सकूबाईचा आवाज आला, "येता येता झिंगे आनजो वो पोट्टे! पवनीले ताजे भेटते!"

आज मी लाखनीला हायवेच्या कडेला राहते. खिडकीखालून दिवसभर ट्रक जातात. माझी भाची बिनपेट्रोलची स्कूटर चालवते, तिचा आवाजच येत नाही. छान आहे, धूर नाही, वास नाही. पण ती कधी चिखलात पडली तर कुणाला कळणार कसं, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. हे तिला सांगितलं तर ती म्हणते, मावशी, मोबाईल आहे ना.

प्रॅक्टिकलला मी वेळेत पोचले. केसांपासून चपलेपर्यंत चिखल, तो वाळून माझ्या अंगावरून प्रयोगशाळेत गळत होता. सरांनी वर पाहून विचारलं, "रोवणीवरून थेट आलीस का?" मी म्हटलं, "हो सर." ते खोटंही नव्हतं. माझ्या परीक्षानळीत त्या दिवशी तोच निळा रंग उतरला. मी तो हातात धरून गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

संध्याकाळी परत निघताना मी पवनीला नदीकाठी थांबले. माझ्याजवळ जेवणाला दिलेले पैसे तसेच होते, मी जेवले नव्हते. सगळ्याचे झिंगे घेतले, पुस्तकं एका बाजूला सरकवून पिशवी झिंग्यांनी भरली. सकूबाईच्या गावाजवळ गाडी खोकायच्या आत बाया धुऱ्यावर आल्या होत्या. मी प्रत्येकीच्या झाकणात, पदरात ओंजळ ओंजळ टाकली. पैसे कुणी विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत. पिशवीत आमच्यापुरते उरले, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकाला झिंग्यांचा वास लागला तो पदवी हातात पडेपर्यंत गेला नाही.

मायनं मला नंतर सांगितलं ते आधी इथं लिहिते. बाबा दिवसभर खाटेवर नव्हते. सुजलेला पाय ओढत ओसरीच्या उंबऱ्यावर येऊन बसले होते आणि रस्त्यावरून कोणतीही गाडी गेली की कान देत होते. "हे नाई," म्हणायचे. दुसरी गेली की, "हेबी नाई." दुपारी भाताला हात लावला नाही. संध्याकाळी दूर, पानठेल्याच्या वळणावर काहीतरी खोकलं. मायला ऐकूही आलं नव्हतं. बाबा एकदम उठून उभे राहिले आणि ओरडले, "आली! आपली आली!"

मी अंगणात शिरले तेव्हा मांजर धावत आली. मी गाडी बंद केली, चिखलानं माखलेली, हातात ओली पिशवी. बाबा एक पाय उचलून दाराची चौकट धरून उभे होते, त्यांच्या दुसऱ्या हातात मायचं पितळी ताट होतं. डोळे लाल होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, मग गाडीला.

"लाखनीच्या मानसाले निरोप धाडला," ते म्हणाले, "गाडी इकाची नाई म्हून."

मग ताट दोन्ही हातांनी पुढे धरत त्यांनी, चांगल्या मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं, विचारलं, "काय जी, मरळ हाय का आज?"